‘धरण फुटलंय, पुढे पाठवा’: पुराच्या रात्री ग्रुपवर काय काय फिरतं?

वारणाकाठची

पाऊस लागून राहिला की आमच्या भावकीच्या ग्रुपवर तीन गोष्टी हमखास येतात. कोयनेच्या सांडव्याचा कुठल्या तरी जुन्या वर्षीचा व्हिडिओ, कुणा "साहेबांचा" घाबऱ्या आवाजातला ऑडिओ, आणि शेवटी "खात्रीलायक बातमी, नदीकाठच्या सर्वांना कळवा". खाली हात जोडलेले दहा-बारा.

लोक खोटं का पाठवतात, हा प्रश्न जुना झाला. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गावात पाणी शिरलं तेव्हा गावातलं कुणीच असले मेसेज पाठवत नव्हतं. जनावरं सोडवायची होती, पोती माळ्यावर चढवायची होती, मोबाईल चार्ज करायला वीज नव्हती. "धरण फुटलं" आलं ते कोथरूडहून, मग नवी मुंबईहून, मग बंगळूरच्या भाच्याकडून. तिघंही आमच्या काळजीनेच पाठवत होते, त्यात शंका नाही. पण त्या मेसेजमुळे माझी सत्तरीची काकू कमरेएवढ्या पाण्यातून निघायला बघत होती, जेव्हा माडीवर थांबणंच शहाणपणाचं होतं.

तुमच्याकडचे अनुभव सांगा. राजकारण नको, त्यासाठी वेगळे धागे आहेत.

---

मापात_पाप

यात चर्चेसारखं काय आहे? आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, कलम ५४. आपत्तीबद्दल खोटा इशारा देऊन घबराट पसरवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. दहा जणांना आत टाका, अकरावा पाठवणार नाही.

---

वारणाकाठची

म्हणजे माझ्या भाच्यापासून सुरुवात करायची का?

---

पाटबंधारे_निवृत्त

ताई, धागा चांगला काढलात. नोकरीची बरीच वर्षं पूरनियंत्रण कक्षात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"धरण फुटलं" हा मेसेज बहुतेक वेळा कुणी बसून रचलेला नसतो. त्याच्या मुळाशी एक खरं पत्रक असतं. समजा आम्ही लिहिलं: "आज सायंकाळी ५ वाजता कोयना धरणाचे सहा वक्र दरवाजे दीड फुटाने उचलून विसर्ग सुरू करण्यात येत आहे. पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक सुरू आहे. नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे." पहिल्या हातात यातली वेळ गळते. दुसऱ्या हातात "दीड फुटाने" गळतं. उरतं ते "कोयनेचे सहाही दरवाजे उघडले". तिसऱ्या हातात "कोयना सोडली". चौथा माणूस घाईत असतो, तो थेट फोडूनच टाकतो. प्रत्येकाने थोडंथोडं कमी केलं, भर कुणी फारशी घातली नाही.

क्युसेकचा आकडा लोकांना घाबरवतो, कारण तो मोठा दिसतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण सव्वाअठ्ठावीस लिटर. ११,५७४ क्युसेक पाणी चोवीस तास वाहिलं तर एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, होतं. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. आता एखाद्याने "दोन तासांत अर्धी कोयना रिकामी केली" असं लिहिलं तर कागद-पेन्सिल घ्या. तासाला २६ टीएमसी म्हणजे ७० लाख क्युसेकच्या वर जातं. एवढं सांडव्यातून जाऊच शकत नाही.

दुसरं, सोडलेलं पाणी लगेच सांगलीत उभं राहत नाही. ते कराडला येणार, प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळणार, मग पुढे. कित्येक तासांचा प्रवास आहे. "आत्ताच सोडलंय, दहा मिनिटांत पोचेल" असं सांगलीबद्दल कुणी म्हणालं तर त्याला नकाशा दाखवा. दरवाजे हळूहळू उचलायचे, खालच्यांना आधी कळवायचं, हा सगळा खटाटोप त्या वेळेसाठीच असतो.

पण आमच्या खात्याचाही दोष सांगतो. पत्रक निघायचं साहेबांची सही झाल्यावर. तोवर दरवाजा उचलल्याचा व्हिडिओ चहाच्या टपरीवरून पोरांनी जगभर केलेला असायचा. मधल्या तासाभरात आमच्याकडून एक ओळ गेली असती तर निम्मं काम झालं असतं.

---

शनवारातला

काकांच्या प्रतिसादाला +१. पुण्याची बाजू सांगतो, कारण आम्हा पुणेकरांना धरण फुटल्याच्या बातमीवर हसता येत नाही. आमचं खरंच फुटलंय. १२ जुलै १९६१, पानशेत. बांधकाम पुरं झालं नव्हतं. आदल्या रात्री लष्कराचे जवान वाळूची पोती टाकून भराव धरून ठेवत होते. सकाळी पानशेत गेलं, त्या लोंढ्याने खाली खडकवासलाही फोडलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या.

आमच्या आजीकडून ऐकलेले दोन भाग आहेत. पहिला म्हणजे सकाळी "धरण फुटलं" अशी बोंब आली तेव्हा वाड्यातल्या अर्ध्या लोकांनी ती हसण्यावारी नेली. दुसरा म्हणजे पूर ओसरल्यावर "पाणी आलं, पाणी आलं" अशी पुन्हा आवई उठली आणि तेच लोक पोरंबाळं उचलून पर्वतीकडे पळत सुटले. त्या वेळी पाणीबिणी काही आलं नव्हतं. वर धरणात काही उरलंच नव्हतं तर येणार कुठून? पण हा हिशेब त्या क्षणी करणार कोण!

म्हणून "अफवांवर विश्वास ठेवू नका" ही भोंग्यावरची घोषणा मला पोकळ वाटते. पहिल्या दिवशी ज्यांनी विश्वास ठेवला नाही, ते बुडाले.

---

तळटीप

शनवारातला यांनी सांगितलेलं "दुसऱ्या वेळचं पळणं" आणि धागाकर्तीचा कोथरूडचा मुद्दा, दोन्हींना जुना आधार आहे. आणि तो आपल्याच देशातला आहे, म्हणून लिहिण्याचा मोह आवरत नाही.

१५ जानेवारी १९३४ ला बिहार-नेपाळचा मोठा भूकंप झाला. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी त्यानंतर लोकांत फिरणाऱ्या अफवा टिपून ठेवल्या आणि १९३५ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. नमुने बघा: धक्क्याच्या वेळी गंगेचं पाणी गडप झालं आणि स्नान करणारे लोक वाळूत रुतले. नेपाळच्या सीमेकडून मधुबनीवर पुराचा लोंढा येतोय. २६ फेब्रुवारीला प्रलय होणार. नावं बदलली की आपला आजचा ग्रुपच.

गंमत पुढे आहे. या अफवा ज्या भागातल्या होत्या, तिथे धक्का जोरात जाणवला होता पण पडझड झाली नव्हती. पुढे दुर्गानंद सिन्हा यांनी १९५० च्या दार्जिलिंगच्या दरडींनंतर, जिथे खरोखर हानी झाली होती अशा ठिकाणी अभ्यास केला, तर "आता याहून भयंकर काहीतरी येणार" अशा अफवा तिथे जवळजवळ नव्हत्याच. अमेरिकेच्या लिऑन फेस्टिंगरला हे कोडं पडलं. घाबरलेली माणसं स्वतःला आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी का पसरवतील? त्याचं उत्तर असं, की भीती मनात आधीच बसलेली असते, पण आजूबाजूला घरं तर शाबूत दिसतात. मग त्या भीतीला शोभेल असं कारण माणूस शोधतो. ज्याचं घरच पडलंय त्याला कारण शोधावं लागत नाही.

कोथरूडच्या माणसाचं हेच होतं. छातीत धडधड आहे, खिडकीबाहेर साधा पाऊस आहे.

---

मापात_पाप

९० वर्षांपूर्वीच्या निबंधाने आजचा व्हॉट्सअ‍ॅप कळतो असं म्हणणं जरा जास्तच होतंय. तेव्हा अफवा बैलगाडीने जायची.

---

जुहू_गल्ली

बैलगाडी सोडा, २००५ घ्या. २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ते सगळ्यांना पाठ आहे. त्यानंतर काय झालं ते फार जण विसरलेत. २८ तारखेच्या रात्री जुहूच्या नेहरूनगर वस्तीत "धरण फुटलं", "त्सुनामी येतेय" अशी आवई उठली. अरुंद गल्ल्या, अंधार, पळापळ. चेंगराचेंगरीत किमान १८ जण गेले, त्यांत लहान मुलंही होती. पाण्याने नाही गेले ते, आवईने गेले.

तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप जन्मालाही आलं नव्हतं. पण आदल्या डिसेंबरातच तमिळनाडूच्या किनाऱ्यावर खरी त्सुनामी सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली होती, आणि दोन दिवसांपूर्वी पाणी खरंच छातीपर्यंत आलं होतं. विश्वास बसायला आणखी काय हवं?

---

खेर्डीचा

चिपळूणचं सांगतो. २२ जुलै २०२१. पहाटे वाशिष्ठी बाजारात घुसली, बघता बघता पहिले मजले बुडाले. वीज गेली, टॉवर बंद पडले. आम्ही गच्चीवर, आणि आमच्याबद्दलच्या बातम्या मुंबईत. नंतर कळलं की विरार-डोंबिवलीच्या चाकरमान्यांनी ती रात्र कशी काढली. कुणी सांगितलं अख्खी आळी वाहून गेली, कुणी सांगितलं कोळकेवाडी धरणच फुटलं. माझ्या बहिणीने आमचे फोटो "हे कुणाला दिसले का" म्हणून फेसबुकवर टाकले होते. ते फोटो आम्ही सुखरूप आहोत हे सगळ्यांना कळल्यावरही पुढे कितीतरी दिवस फिरत होते. अनोळखी लोकांचे फोन यायचे, "सापडले का हो?" मीच उचलायचो.

कोळकेवाडीच्या विसर्गाने पूर वाढला की नाही, हा वाद आमच्याकडे अजून पेटतो. प्रशासन म्हणतं अतिवृष्टी आणि भरती एकत्र आली. लोक म्हणतात सोडलेल्या पाण्याचं बोला. मी त्यात पडत नाही. एवढंच म्हणतो की अशा वेळी तासातासाचे आकडे आधीच उघडे असते तर वादाला इतकी जागा उरली नसती.

---

ऑक्सिजन_वहीवाली

खेर्डीचा यांनी लिहिलेला फोटोचा प्रसंग फार महत्त्वाचा आहे. इथे सगळे खोट्याबद्दल बोलताहेत. माझा अनुभव असा, की शिळं झालेलं खरं जास्त घात करतं.

एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या लाटेत, आम्ही काही जणी पुण्यात खाटा आणि ऑक्सिजन सिलेंडरची माहिती गोळा करत होतो. सकाळी दहाला एका ठिकाणी दोन खाटा रिकाम्या, ही बातमी शंभर टक्के खरी. साडेदहाला त्या भरल्या. रात्री अकराला तोच मेसेज नागपूरला पोचलेला आणि तिथून कुणीतरी रडत फोन करतंय. त्या रुग्णालयाचा फोन दिवसभर वाजून वाजून बंद ठेवावा लागला, मग खरी खाट रिकामी झाली तेव्हाही कुणाला कळेना. यात खोटारडं कोण होतं? कुणीच नाही.

त्यावर आम्ही शोधलेला उपाय साधा होता. मेसेजच्या पहिल्या शब्दाआधी तारीख आणि वेळ, शेवटी "अमुक वाजल्यानंतर हा मेसेज पुसा". आणि काम झालं की ज्या ग्रुपवर टाकला त्याच ग्रुपवर "झालं, थांबवा". हे शेवटचं कुणी करत नाही. मदत मागणारा मेसेज हजार जण पुढे ढकलतात, "मिळाली" हा मेसेज चार जण.

---

अटलांटाची_आत्या

आमच्यासारख्या दूर बसलेल्यांची बाजू कुणी मांडणार की नाही? सांगलीत आई एकटी, फोन लागत नाही, इथे रात्रीचे तीन. अशा वेळी मराठीत जे काही येईल ते माणूस वाचतो आणि पुढे पाठवतो, कारण दुसरं काही करताच येत नाही. पाठवणं हीच तेवढी हालचाल हातात असते. हसू नका.

आणि हे फक्त आपल्याकडे नाही. इथे प्रत्येक चक्रीवादळात पाण्याखालच्या महामार्गावर पोहणाऱ्या शार्कचा फोटो येतो. २०१७ ला ह्यूस्टनच्या पुरात तर तो टीव्हीपर्यंत गेला. आफ्रिकेच्या समुद्रातला खरा शार्क कापून रस्त्यावर चिकटवलाय, हे कितीदा सिद्ध झालं, तरी येतोच.

---

तळटीप

आत्या, शार्कवरून आठवलं. २०२२ च्या इयन वादळात फ्लोरिडात फोर्ट मायर्सला घरामागच्या पाण्यात शार्कसारखा मासा पोहतानाचा व्हिडिओ आला. सगळ्या शहाण्यांनी लगेच खोटा ठरवला. तो खरा निघाला.

---

वारणाकाठची

आमच्याकडे तेच मगरीचं. २०१९ च्या पुरात कौलांवर बसलेल्या मगरीचा व्हिडिओ आला तेव्हा मी स्वतः ग्रुपवर दटावणार होते. तो बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग तालुक्यातला खरा व्हिडिओ होता. कृष्णेत मगरी आहेतच, त्या पुरात जाणार कुठे? उलट २०१५ च्या चेन्नईच्या पुरात मगर-उद्यानातून मगरी पळाल्याची जी बोंब झाली, ती साफ खोटी. "विचित्र वाटतंय म्हणजे खोटं" ही कसोटी चालत नाही.

---

रंकाळा_पूर्व

कोल्हापूरकर हजर. एक प्रकार राहिला: बोलण्यानेच खरी होणारी अफवा. महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं की टँकर अडकतात. कुणीतरी लिहितं "पेट्रोल संपलं". तेव्हा संपलेलं नसतं. मग अख्खं गाव गाडीच्या टाक्या, कॅन, बाटल्या घेऊन पंपावर, आणि संध्याकाळपर्यंत संपतं. लिहिणारा छाती काढून फिरतो, "मी सांगितलं नव्हतं?" दुधाचं, भाजीचं तेच.

मदतीचंही तेच. "सांगलीत लोकांना अंगावर कपडा नाही" हा मेसेज राज्यभर गेला आणि ट्रकच्या ट्रक जुने कपडे आले. ढीग लागले रस्त्याकडेला. त्या वेळी लोकांना हवे होते खराटे, फावडी, जंतुनाशक, कोरडी चूल. मन मोठं होतं देणाऱ्यांचं, पण यादी कुणी विचारली नाही.

---

पिंपरीचा_पंक्चरवाला

व्हॉट्सअ‍ॅपने एका वेळी पाच जणांनाच मेसेज पुढे पाठवायची मर्यादा घातल्यावर कमी झालं नाही का?

---

तळटीप

थोडा फरक पडला. भारतात जुलै २०१८ ला पाचची मर्यादा आली. आधी मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेने देशभर माणसं मारली गेली होती. आपल्या धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलैला भिक्षा मागणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. एप्रिल २०२० ला खूप वेळा पुढे गेलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं, आणि असे मेसेज ७० टक्क्यांनी घटले असं कंपनीनेच सांगितलं.

पण पुराच्या रात्री लोक मेसेज पुढे ढकलत नाहीत, ऐकून स्वतः टाईप करतात किंवा स्वतःच्या आवाजात सांगतात. तिथे मर्यादा लागू होत नाही, आणि "आपल्या सुनीलने स्वतः सांगितलं" म्हटल्यावर विश्वासही दुप्पट बसतो.

---

मापात_पाप

बरं. शिक्षेचा मुद्दा मी पूर्ण सोडत नाही. २०१८ च्या केरळच्या पुरात लष्करी गणवेश घालून एकाने मुख्यमंत्र्यांवर आरोप करणारा व्हिडिओ टाकला, तो तोतया असल्याचं लष्कराला सांगावं लागलं. मुल्लपेरियार धरण फुटल्याचे ऑडिओ फिरले. बुडत्या गावात मुद्दाम असले उद्योग करणाऱ्याला भाच्याच्या पंक्तीला बसवू नका.

---

वारणाकाठची

हे मान्य. गणवेश घालणारा आणि घाबरलेला भाचा एका मापाने मोजायचे नाहीत.

---

कराडची_लेक

कोयनेबद्दल एक. पाटण-कराडच्या लोकांना "तुम्ही लगेच कसे घाबरता" असं विचारणाऱ्यांनी ११ डिसेंबर १९६७ लक्षात घ्यावा. पहाटे भूकंप झाला, कोयनानगर जमीनदोस्त झालं, धरणाला तडे गेले. धरण टिकलं, पुढे मजबूत केलं, हे खरं. पण आमच्या आईच्या पिढीने "कोयना फुटणार" हे ऐकत आयुष्य काढलंय. भूकंपाचा बारीक धक्का आजही बसतो. प्रत्येक धक्क्यानंतर धरण सुरक्षित आहे असं सांगणारी बातमी येते. ती लवकर आली की घरात सगळे झोपतात, उशीर झाला की नाही.

---

कृष्णाकाठी_उपाशी

आणि कर्नाटकातलं अलमट्टी धरण? पुराची कारणं तपासणाऱ्या वडनेरे समितीने २०१९ चा पूर अलमट्टीमुळे आला नाही म्हणून सांगितलं, ते पटलं का कुणाला? ती पण अफवाच म्हणायची का?

---

पाटबंधारे_निवृत्त

नाही. तो मतभेद आहे, आणि तो आकड्यांवर भांडता येतो: अलमट्टीची पातळी किती होती, येवा (आत येणारं पाणी) किती, विसर्ग किती, राजापूर बंधाऱ्यातून किती गेलं. भांडा खुशाल. मीसुद्धा समितीच्या प्रत्येक वाक्याशी सहमत नाही. पण "रात्री अलमट्टीचे दरवाजे मुद्दाम बंद केले, व्हिडिओ बघा" आणि व्हिडिओत भलतंच धरण, ही अफवा. वेगळा धागा काढा, येतो तिथे.

---

वारणाकाठची

काका, मग ग्रुपवर नेमकं काय करावं? दटावलं की म्हातारी माणसं रुसतात. "तू फार शिकलीस" म्हणतात.

---

रंकाळा_पूर्व

आमच्या गल्लीत काय करतो ते सांगतो. खोडत बसत नाही. पाऊस वाढला की एक पोरगा तासातासाला लिहितो: "राजाराम बंधारा, दुपारी ३, ४१ फूट ४ इंच, तासात २ इंच वाढ." बस. इशारा पातळी ३९, धोका पातळी ४३, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही माहीत असतं. आकडा आला की म्हातारे स्वतःच हिशेब करतात, "एकोणीसला एवढं होतं, आपल्या उंबऱ्याला अजून एवढं बाकी आहे." मग कुणी धरण फोडलं तरी पहिला प्रश्न येतो, "राजारामला किती झालं?"

---

पाटबंधारे_निवृत्त

हेच. सांगलीत आयर्विन पुलाचं तेच आहे, इशारा ४०, धोका ४५. २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं, ती खूण प्रत्येक घराला ठाऊक आहे. ज्या नदीवर लोकांना असा एक आकडा तोंडपाठ आहे तिथे आवई कमी टिकते, हे मी नोकरीत पाहिलंय. चिपळूणलाही असा पक्का आकडा सगळ्यांच्या तोंडी बसायला हवा.

---

खेर्डीचा

बसतोय हळूहळू. २०२१ नंतर खांबांवर, भिंतींवर पुराच्या खुणा रंगवल्यात. पण आमची वाशिष्ठी फुटांत बोलत नाही हो, ती तासाभरात येते. तुमच्यासारखा दोन-दोन दिवस चढत नाही पूर. तासातासाचा आकडा आम्हाला उशिराचाच.

---

पाटबंधारे_निवृत्त

खरं आहे. कोकणातल्या नद्या आखूड आणि उताराच्या. तिथे पंधरा मिनिटांचा आकडा हवा आणि भरतीची वेळ त्याच ओळीत हवी.

---

कराडची_लेक

रात्री तो आकडे लिहिणारा पोरगा झोपला तर?

---

रंकाळा_पूर्व

दोघं आहेत, पाळीने. दोघंही झोपले तर १०७७, जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष. लागायला वेळ लागतो, पण लागतो. आणि जो फोन करेल त्यानेच वेळ घालून ग्रुपवर लिहायचं, बाकीच्यांनी करायचा नाही. नाहीतर गल्लीतले चाळीस जण एकाच नंबरवर.